डावी शिंप

कुठला कचरा कुठल्या डब्यात जाणार, याचा शेवटचा निर्णय रणजित परुळेकरचा असे. डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या त्या घरात शेवटचा म्हणावा असा त्याच्या वाट्याला आलेला हा एकच निर्णय. बाकीची खाती आधीच वाटली गेली होती. लेक ईशानीची शाळा, दवाखाना, बँक आणि पाहुणे हे बायकोकडे, म्हणजे चित्राकडे. स्वयंपाकघर, देव आणि टीका ही आईकडे, निदान ती कुडाळहून आलेली असेपर्यंत तरी. उरले तीन डबे. हिरवा पुनर्वापराचा, तपकिरी अन्नाचा आणि काळा उरलेल्याचा. रणजितने ते मनावर घेतले. चहाच्या पिशवीची तार काढून पिशवी तपकिरी डब्यात आणि तार काळ्यात टाकणारा त्या रस्त्यावर तो एकटाच होता, आणि हे शेजाऱ्यांना ठाऊक असावं अशी त्याची माफक इच्छा होती.

त्या आठवड्यात आईने मसलांचं, म्हणजे इथल्या काळ्या शिंपल्यांचं, तिखलं केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती उत्तरेला डंडॉक गावी ज्ञानदाकडे, म्हणजे रणजितच्या बहिणीकडे, आठवडाभर राहायला गेली. मागे ओट्यावर शिंपल्यांचा ढीग राहिला. आता शिंपला हा अन्नाचा भाग की भांड्याचा? तपकिरी की काळा? दुसऱ्या कुणी डोळे मिटून टाकला असता. रणजितने कचरा नेणाऱ्या कंपनीला फोन केला, बराच वेळ होल्डवरची बासरी ऐकली, आणि शेवटी एका मुलीकडून उत्तर मिळवलं की शिंपले काळ्या डब्यात. मग त्याने एकेक शिंपला धुऊन काळ्या डब्यात टाकला. त्यातला एक मोठा, तपकिरी आणि पाठीला भोक पडलेला होता. 'हा फुटका निघाला,' एवढंच त्याच्या मनात आलं. पहाटे गाडी आली आणि डबा घेऊन गेली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"रे झिला, माजी शिंप मोरीच्या कडेक ठेवलंय. धुवन कपाटात ठेव. हरवू नको हां."

रणजितला भोक पडलेला तो शिंपला डोळ्यांसमोर दिसला.

"ठेवली," तो म्हणाला.





इथे वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. ज्यांच्या घरी कैऱ्या सोलायला स्टीलची सालकाढणी आली त्यांना शिंप म्हणजे काय हे ठाऊक नसेल. नदीतला लांबट शिंपला घ्यायचा, त्याची पाठ दगडावर घासघासून तिला बोटभर भोक पाडायचं. त्या भोकाची कड धारदार होते. शिंप मुठीत धरून कैरीवरून ओढली की साल आतून वर येतं, पातळ, आणि गर वाया जात नाही. आईची शिंप तिच्या सासूने घासलेली होती. कुडाळच्या घरात फ्रिज आला, गॅस आला, मिक्सर तीनदा बदलला, शिंप तीच. विमानात ती चेक-इनच्या बॅगेत साडीच्या घडीत बसून आयर्लंडला आली होती. आल्या दिवशी आईने जाहीर केलं होतं, "मी आणि माजी शिंप. दोघींचां काम सोपलां की आमी जातलों."

यातलं 'जातलों' महत्त्वाचं. आईचं तिकीट ऑगस्टचं होतं, पण मन पहिल्या आठवड्यापासूनच परतीचं. इथे बाहेर बसायला ओटा नाही, शेजारीण दारात येऊन बोलत नाही, सूर्य येतो तो हजेरी लावून जातो. पलंगाखालची बॅग तिने पूर्ण रिकामी केलीच नव्हती. तिकीट अलीकडे आणता येतं का, हे ती अधूनमधून सहज विचारल्यासारखं विचारी. आणि जुलैपासून चित्राची हॉस्पिटलात वरच्या जागेवर नेमणूक होणार होती. सर्जरीची ती जागा तिने चार वर्षं झटून मिळवलेली. तिच्यात पहिले दोन महिने रात्रपाळ्या होत्या. आई घरी असली तर ईशानीची सोय, नाहीतर ती जागा सोडून द्यायची. म्हणजे या सगळ्या बेताचा खांब आई होती, आईला इथे धरून ठेवणारं एकच काम होतं, कैऱ्या आणि लोणची, आणि त्या कामाचं हत्यार रणजितने कंपनीची लेखी नव्हे पण तोंडी परवानगी घेऊन काळ्या डब्यात घातलं होतं.

चित्राला सांगावं असं त्याला एकदा वाटलं. पण ती ड्यूटीवरून दमून आली, आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई आहेत म्हणून बरं चाललंय." झालं. सांगण्याची वेळ निघून गेली.

त्याने कचरा कंपनीला पुन्हा फोन केला. तीच बासरी. या वेळी एक गृहस्थ होते. आपला शिंपला चुकून गेला आहे, असं त्याने सांगितलं.

"शिंपल्यात काही होतं का? अंगठी वगैरे?"

"नाही. नुसता शिंपला. भोक असलेला."

"फुटका?"

"भोक मुद्दाम पाडलेलं."

त्यांनी तक्रार 'हरवलेली वस्तू' या सदरात घेता येईल का हे वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांच्या मते वस्तू हरवलेली नव्हती, टाकलेली होती. तेव्हा ते सदर लागू नव्हतं. कायद्याने पाहिलं तर त्यांचंही बरोबर होतं, आणि हेच रणजितला सगळ्यात जास्त लागलं.

समोरच्या घरातला रोहित हा नागपूरचा, रणजितचा मित्र आणि सल्ल्याच्या बाबतीत सढळ हाताचा माणूस. स्वतःचं काही न गुंतवता दुसऱ्याच्या अडचणीत भागीदार होण्याची त्याला हौस होती.

"काय बे, एवढंसं? नवा पीलर आण आणि म्हण शिंप फुटली."

"फुटली म्हटलं की ती बॅग भरेल."

"मग कुडाळहून कुरिअर करून मागव."

"रविवारी ती परत येतेय रे."

"मग," रोहित हनुवटीला हात लावून म्हणाला, "इथलीच एक शोध. आयर्लंड बेट आहे ना? चारी बाजूंनी शिंपलेच शिंपले आहेत. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय!"

हे शेवटचं वाक्य पुढे रोहितच्या खात्यावर कायमचं नावे पडलं. पण त्या क्षणी रणजितला त्यात प्रकाश दिसला. नेमकी तशी हवी, तर आधी मूळची कशी होती ते पाहायला हवं. फोन धुंडाळताना एकच फोटो सापडला. गुढीपाडव्याला त्याने आईबरोबर स्वयंपाकघरात काढलेली सेल्फी: पुढे त्याचं स्वतःचं भलंमोठं कपाळ, मागे आई, एका हातात कैरी, एका हातात शिंप. त्याने कपाळ कापलं, आई कापली, भिंत कापली, आणि शिंप तेवढी मोठी करून ठेवली. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या कापाकापीत होतं. ते यथावकाश येईलच.

शेजारच्या घरात फर्गल राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक. बायको गेल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी विकली आणि तिथे शिंपले भरले. भिंतीला लावलेले खण, प्रत्येक खणात डब्या, प्रत्येक डबीत कापसावर एक शिंपला आणि त्याखाली चिठ्ठी: नाव, किनारा, तारीख, आणि कुणी उचलला. त्यांना कुणी शिंपल्यांबद्दल विचारलेलं रस्त्यातल्या कुणाच्या स्मरणात नव्हतं. रणजितने विचारताच त्यांनी केटल लावली.

"हा नदीतला आहे," फोटो डोळ्यांजवळ नेत ते म्हणाले. "याचा आमच्याकडचा भाऊबंद म्हणजे मोत्याचा शिंपला. त्याला हात लावशील तर कोर्टात उभा राहशील. सरकारी संरक्षण आहे. तो विषय सोड."

रणजितने तो विषय सोडला. आधीच एक गुन्हा पोटात होता.

"समुद्रातला चालेल?"

"दिसायला सारखा हवा की कामाला सारखा?"

"दोन्ही."

"आणि रिकामाच उचलायचा. आत जीव असला तर नाही. आमच्या शिंपले जमवणाऱ्यांच्या क्लबचा नियम आहे." मग त्यांनी तीन खण काढले आणि तासभर वर्ग घेतला. सारखे दिसणारे शिंपले वेगळे कसे ओळखायचे याचा सारांश असा की रंग बघायचा नाही, कारण रंग उन्हाने जातो. आकार बघायचा, जाडी बघायची, आणि मुख्य म्हणजे चोच. दोन कवचं जिथे जोडलेली असतात तिथला उंचवटा म्हणजे चोच. बाजारात मिळतो त्या साध्या मसलची चोच अगदी टोकावर असते. त्याचा थोरला भाऊ हॉर्स मसल. त्याची चोच टोकाच्या जरा मागे. "जरा मागे," असं फर्गल दोनदा म्हणाले, "सगळा खेळ या जरा मागेचा आहे."

मग त्यांनी फोटो पुन्हा घेतला, उभा धरला, आडवा धरला. "हे डावं कवच आहे."

"डावं म्हणजे?"

"प्रत्येकाला दोन कवचं. एक दुसऱ्याचं प्रतिबिंब. बिजागरी वर धर, तोंड पुढे कर. डावीकडे येतं ते डावं. तुझ्या आईकडे डावं आहे, आणि ते भोकही डाव्या हाताच्या ओढीचं दिसतंय. आई डावरी आहे का तुझी?"

रणजित विचारात पडला. आई डावरी आहे का? या हाताने तिने त्याला भरवलं होतं, या हाताने धपाटे घातले होते. पण कुठल्या? बेचाळीस वर्षांत त्याने हे पाहिलंच नव्हतं. बायको डावरी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण जेवताना तिचं कोपर लागायचं. आईचं कोपर कधी लागलंच नव्हतं. ती शेजारी जेवायलाच बसायची नाही.

"असावी," तो म्हणाला. फोटोत तसंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो आणि रोहित पोर्टमार्नकच्या किनाऱ्यावर गेले. सँट्रीच्या ऑफिसातून वाट सोपी. ओहोटी लागलेली, वाळू मैलभर. तिथे शिंपले एवढे की पाय ठेवायला जागा नाही, आणि हवा तसा एकही नाही. वस्तऱ्यासारखे लांब रेझर शेल होते, गोल नक्षीदार कॉकल होते. शेवटी रोहितने ओरडून एक उचलला: लांबट, तपकिरी, तळहाताएवढा. "हीच बे! डिट्टो!" अशा दहाबारा भरल्या. घरी येऊन रणजितने मागच्या पायरीवर पहिली घासायला घेतली. ती बिस्किटासारखी फुटली. दुसरी फुटली. शेवटचीही फुटली, पण तिने जाण्याआधी रणजितचा अंगठा कापला.

"ऑटर शेल," फर्गल कुंपणावरून म्हणाले. "दिसते भक्कम. हातात घेऊन उजेडात धरली असतीस तर पलीकडचा दिवा दिसला असता."

रोहित म्हणाला, "मला वाटलंच होतं."

त्यानंतर स्केरीजचे खडक झाले. तिथे साधे मसल, चोच टोकावर, आकार बोटाएवढा. रणजित खडकावरून घसरला आणि एका पायाचा बूट समुद्रात गेला. लाट तो परत आणेल म्हणून तो थांबला, आणि लाटेने तो परत आणला, पण दुसऱ्या कुणाचा. हा अनुभव सांगण्यासारखा होता, पण सांगणार कुणाला? चित्राने ओला मोजा बघितला, पट्टी बांधलेला अंगठा बघितला आणि विचारलं, "ऑफिसात काय करून घेतोयस तू?"

"टीम बिल्डिंग."

"अच्छा," ती म्हणाली. सर्जन माणसं 'अच्छा' म्हणतात तेव्हा त्यांनी पोट उघडायचं ठरवलेलं असतं, फक्त दिवस ठरायचा असतो.

गुरुवारी रात्री वादळ झालं. फर्गलनी सकाळी सातला बेल वाजवली. डोक्यावर लोकरी टोपी, हातात बादली, चेहऱ्यावर तेज. "हॉर्स मसल खोल पाण्यात राहतो. वादळाने सुटून वर येतो. आजचा दिवस ग्रँड आहे. टेंपलटाउनला जाऊ."

टेंपलटाउन कूली द्वीपकल्पावर. वाट डंडॉकवरून. म्हणजे ज्या माणसापासून ही सगळी मोहीम लपवायची त्या माणसाच्या दारावरूनच जायचं. रणजितने ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं.

त्या किनाऱ्यावर वारा असा होता की बोललेलं वाक्य बोलणाऱ्याच्याच तोंडात परत येई. वादळाने शेवाळाचे ढीग वर फेकलेले, आणि ढिगात, फर्गल म्हणाले होते तसे, मोठे, जाड, जांभळट-तपकिरी शिंपले. रणजित पँट गुडघ्यापर्यंत वर करून वाकून चालू लागला. चोच टोकावर, टाक. चोच टोकावर, टाक. चोच जरा मागे, पण कवच फुटकं. जरा मागे, अखंड, पण उजवं. टाक. आयुष्यात परीक्षेलाही त्याने इतक्या बारकाईने काही पाहिलं नव्हतं.

आणि मग तो सापडला. दोन्ही कवचं अजून बिजागरीला धरून असलेला, आतून रिकामा, हातभर शेवाळाला चिकटलेला. रणजितने तो दोन्ही हातांत धरला. फर्गल धावत आले, साठी उलटलेला माणूस जेवढा धावेल तेवढे. त्यांनी चोच पाहिली, जाडी पाहिली, उजेडात धरली. दिवा दिसला नाही.

"ग्रँड," ते हळूच म्हणाले.

त्याच क्षणी वरच्या रस्त्यावरून एक निळी गाडी संथपणे गेली. निळी गाडी ज्ञानदाकडे होती. रणजित जागच्या जागी वाळूवर पालथा झाला. फर्गलनी विचारलं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला, जवळून बघतोय. गाडी गेली. आयर्लंडात निळ्या गाड्या पुष्कळ, अशी त्याने मनाची समजूत घातली.

बिजागरी कापून डावं कवच त्याने घेतलं. उजवं फर्गलना दिलं. इतक्या मदतीनंतर तेवढं तरी द्यायलाच हवं होतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं.

शनिवारी त्याने मागच्या पायरीवर दिवसभर कवचाची पाठ घासली. चित्राला वाटलं, तो पायरी दुरुस्त करतोय, आणि तिला बरं वाटलं. भोक पडलं, कड धारदार झाली. कवच फार नवं दिसतं म्हणून त्याने ते रात्रभर कडक चहात बुडवून ठेवलं. (चहाची पिशवी नंतर तार काढून तपकिरी डब्यात गेली. संकटातही काही माणसं आपलं शील सोडत नाहीत.)

रविवारी दुपारी आई आली. ज्ञानदा तिला दारात सोडून, ऑफिसचं काम आहे म्हणत, निघून गेली. आईने पाय धुतले, देवाला नमस्कार केला, ईशानीच्या गालाला हात लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन पिशवीतून कैऱ्या काढल्या. रणजितने कपाट उघडून शिंप तिच्या हातात दिली. आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाला, "ही घे तुझी."

आईने शिंप मुठीत घेतली. कैरीवर टेकवली. एकदा ओढली. साल तुटलं. शिंप फिरवली, पुन्हा धरली, पुन्हा ओढली. तिची पातळ कड आईच्या तळव्यात रुतली. मग तिने ती उताणी केली आणि आत पाहिलं.

"ही माजी नाय."

"असं काय गं आई. तीच तर आहे."

"माजी आतून चमकता. आणि ही शिंप माज्या हाताक वळखणा नाय. खंयसून हाडलंस ही?"

निरपराध माणसाने संतापावं तसा रणजित संतापला. "पुरावा आहे माझ्याकडे!" म्हणून त्याने फोन काढला, कापलेला फोटो दाखवला, शिंप शेजारी धरली. "बघ! चोच बघ! ही अशी, तीही अशी! डावं कवच! फर्गलनी तपासलंय!" हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुरावा देताना आपण कबुलीजबाबही देऊन बसलो.

"फर्गलनी?" चित्रा दारातून म्हणाली. तिने फोन त्याच्या हातातून घेतला आणि बोटाने मागे सरकवून अख्खा फोटो उघडला. कपाळ, आई, भिंत, सगळं. बराच वेळ पाहिलं.

"आई," ती गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही पदर उजव्या खांद्यावर कधीपासून घ्यायला लागलात?"

रणजितने फोटो पाहिला. पदर उजव्या खांद्यावर होता. भिंतीवरच्या कॅलेंडरमधला मार्च उलटा लिहिलेला होता. फोटोत आईच्या डाव्या हातात दिसणारी शिंप मुळात तिच्या उजव्या हातात होती. सेल्फी आरशासारखी उलटी जतन झाली होती.

इथे सांगितलंच पाहिजे की सँट्रीच्या त्या ऑफिसात रणजित व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरची तपासणी करत असे. 'माझा चेहरा मला उलटा दिसतो' अशा तक्रारी आठवड्याला येत, आणि 'हा बिघाड नाही' असं लिहून त्या बंद करणारा माणूस तोच होता.

मग त्याने सगळं सांगितलं. काळा डबा, बासरी, ऑटर शेल, बूट. सांगताना आपले कष्ट कुणाच्या मनाला भिडतील अशी त्याला थोडी आशा होती.

आई शांत होती. "माका शुक्रवारीच कळलां. गाडीतसून बघितलंय. पँट ढोपरापर्यंत वर करून एक माणूस वाकान चलत होतो. ज्ञानदेक म्हटलंय, ह्यो आपलो रणजित. ती म्हणता, आई, दादा ऑफिसात आसा. म्हटलंय, आसात. पण चाल तुज्या बापाशीची आसा. मगे तो माणूस वाळूत पडलो. तेवा खात्री झाली."

तिने शिंप ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले, आणि त्याच सुरात म्हणाली, "बरां. माजां काम सोपलां. तिकीट बघ अलीकडचां."

रणजितने चित्राकडे पाहिलं. चित्राने खिडकीकडे पाहिलं. जुलै, रात्रपाळ्या, वरची जागा, सगळं त्या ओट्यावर पडून होतं, आणि शेजारी अर्धवट सोललेली कैरी. चित्रा रागावली असती तर बरं झालं असतं. हात रिकामे राहिले की काहीतरी उचलायची तिला सवय होती. तिने शिंप उचलली, डाव्या हातात, आणि कैरी ओढून घेतली.

इथे सासूच्या एका जुन्या निकालाची नोंद हवी. चित्राचा हात स्वयंपाकाला वाईट, हा तो निकाल. लग्नानंतर पहिल्याच मेमध्ये कुडाळला तिने आईच्या जुन्या शिंपेने कैऱ्या सोलायचा प्रयत्न केला होता आणि अर्धा गर सालाबरोबर काढला होता. "माणसाचां पॉट शिवता, पण कैरी सोलूक येणा नाय," हे वाक्य तेव्हापासून लग्नाकार्यात फिरत होतं, आणि चित्राने ते खरं मानून टाकलं होतं.

आता शिंप तिच्या मुठीत बसली. तिने ती ओढली. साल वर आलं, पातळ, हिरवंगार, आणि येतच राहिलं. कैरी फिरत गेली, साल गळ्यातल्या माळेसारखं खाली लोंबत गेलं, आणि एकदाही न तुटता ओट्यावर पडलं. चित्रा त्या सालाकडे पाहतच राहिली.

आई पुढे आली. तिने कैरी हातात घेतली. गर कुठे गेलाय का पाहिलं. गेला नव्हता. मग तिने सुनेचा डावा हात मनगटाला धरून उलटासुलटा केला, जणू तोही नदीतून आत्ताच काढलेला होता.

"ऑपरेशनात आम्हा डावऱ्यांची कात्री वेगळी असते, आई," चित्रा हळू आवाजात म्हणाली. "घरी कधी सुचलंच नाही."

"तुजो हात वायट नव्हतो गो," आई म्हणाली. "शिंप उलटी होती."

माफी म्हणता येईल असं आईच्या तोंडून यापूर्वी काही निघाल्याचं परुळेकरांच्या घराण्यात कुणाला ठाऊक नाही. चित्राने दुसरी कैरी उचलली, कारण डोळे लपवायला काहीतरी खाली बघायचं काम हवं होतं. रणजित म्हणाला, "म्हणजे बघा, शेवटी माझ्यामुळेच..." दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला.

"हिची जोडी खंय आसा?" आईने विचारलं.

"कुठली जोडी?"

"उजवी. ही डावी, म्हणजे उजवी आसतलीच. माका व्हयी. उरलेल्या कैऱ्ये कोण सोलतलो?"

उजवी फर्गलच्या खणात होती, कापसावर. रणजितने सांगायचा प्रयत्न केला की संग्राहक माणूस एकदा खणात गेलेली वस्तू परत देत नाही, क्लबचे नियम असतात, वेळ बघून विचारू. ते ऐकायला आई घरात नव्हती. दोन महिन्यांत शेजारच्या दारापर्यंत न गेलेली बाई पायात रणजितचे मोजे आणि त्यावर चपला घालून बाहेर पडली होती. खिडकीतून दिसलं: फर्गलनी दार उघडलं, आईने तोंडाने काही न बोलता कैरी दाखवली, मूठ दाखवली, मुठीत नसलेली शिंप ओढून दाखवली. फर्गल आत गेले, गॅरेजचा दिवा लागला. पुष्कळ वेळ दोघं तिथे होती. कुठल्या भाषेत बोलली ते आजवर कळलेलं नाही.

आई परत आली ती उजवं कवच पदराआड घेऊन.

"त्येचो खण रिकामो केलंय," ती म्हणाली. "बदली शिंपलो दितलंय म्हणान सांगलंय. येत्या पुनवेक मोठी सुकती आसा, पाणी लांब जातलां, तेवा त्येच्यावांगडा जातलंय. नाय गावलो तर अवसेक. कोणाचां देणां ठेवन मी विमानात बसना नाय."

पलंगाखालची बॅग त्या संध्याकाळी रिकामी झाली. तिकिटाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही; ऑगस्टपर्यंतच्या पौर्णिमा आणि अमावास्या मात्र आईने ईशानीकडून फ्रिजवर लिहून घेतल्या. उजवं कवच तिने स्वतःच मागच्या पायरीवर बसून घासलं. रणजितला दिवसभर लागलं होतं, तिचं भोक सीरियल संपायच्या आत पडलं. आता कपाटात दोन शिंपा शेजारी शेजारी असतात. कचऱ्याचं खातं चित्राने आपल्याकडे घेतलं. डबे फाटकापर्यंत ओढून नेण्याचा अधिकार रणजितकडेच आहे, पण त्यात काय घालायचं यावर त्याला मत विचारलं जात नाही.

एकदा तो फर्गलकडे गेला होता, आईने दिलेली लोणच्याची बरणी द्यायला. त्यांनी कौतुकाने खण उघडून दाखवला. हॉर्स मसलच्या जागी कापूस तसाच होता, मधे शिंपल्याच्या आकाराचा खळगा. नवा सापडेपर्यंत चिठ्ठी काढायची नाही, अशी शिस्त असते, ते म्हणाले. रणजितने वाकून वाचलं: हॉर्स मसल, उजवं कवच, टेंपलटाउन. उचलणारा: आर. परुळेकर.

त्याने रोहितला बोलावून ती डबी दाखवली. रोहितने डोकावून पाहिलं.

"पण रिकामी आहे ना बे," तो म्हणाला.

"नाव वाच," रणजित म्हणाला.